उत्तरार्ध नाही

कुरुंदवाडे सरांनी दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं, खांद्यावरच्या शबनम पिशवीकडे पाहिलं आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "उत्तरार्ध नाही."

"मी अजून काही विचारलंच नाही," मी म्हटलं.

"विचारणार होतीस. शबनम अडकवून येणारी माणसं माझ्याकडे दुसरं काही विचारायला येत नाहीत. बस. पाणी पी आणि जा."

असं स्वागत. कोल्हापूरहून गडहिंग्लजपर्यंत मे महिन्याच्या उन्हात एसटीनं उभ्यानं आले होते. पत्ता विचारत विचारत निम्मं गाव पालथं घातलं होतं, आणि हे गृहस्थ मला पाण्यावर वाटेला लावत होते. मी बसले. पाणी प्यायले, पण उठले नाही.

सोप्यात भुईमुगाच्या शेंगांचा ढीग पडला होता. सर पाटावर बसले आणि शेंगा फोडू लागले. पेरणीचं बियाणं, म्हणाले. मीही दोन शेंगा उचलल्या. माणूस काम करत असला की त्याच्याजवळ काम करत बसावं, बोलायला लागतो, असं आई सांगायची. सरांनी माझ्या हाताकडे पाहिलं. "मधे नको दाबू. टोकाशी दाब. दाण्याचं साल निघालं की ते बियाणं गेलं." एवढं शिकवून ते पुन्हा फोडू लागले.

मी तेव्हा कोल्हापुरात एका कॉलेजच्या ग्रंथालयात साहाय्यक होते. देवघेवीच्या खिडकीशी माझी खुर्ची. त्या खिडकीतून आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी पोरगं डोकं आत घालून विचारायचंच, "मॅडम, 'मळीतला माणूस'चा उत्तरार्ध आलाय?" नाही म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "पण मफलरवाल्यानंच मारलं ना त्याला?"

ज्यांना ते पुस्तक माहीत नाही त्यांना सांगायला हवं. त्या काळी आपल्याकडे मुलांसाठी रहस्यकथा म्हणजे गुहा, तस्करांची टोळी आणि शेवटी इन्स्पेक्टरसाहेबांनी पाठ थोपटणं. ह्या पुस्तकात पाठ थोपटायला कुणीच नव्हतं. साखर कारखान्याची कॉलनी, हंगामातली धगधगती चिमणी, मळीचा आंबूस-गोड वास. मोठं माणूस दिसेल ते काहीतरी लपवतंय. आणि पंधरा वर्षांचा जयंता एकटाच सगळ्यांना प्रश्न विचारत हिंडतोय. मळीच्या खड्ड्यात कारखान्याचा स्टोअरकीपर मरून पडलेला सापडतो. खड्ड्यावरच्या जाड फळ्या गायब. त्यांच्या जागी कुणीतरी बाभळीच्या काट्या पसरलेल्या, म्हणजे वाघासाठी खड्डा झाकतात तसा सापळाच. जयंता जिथं जाईल तिथं गळ्याला मफलर गुंडाळलेला, वजनकाट्यावरचा एक कारकून आधीच येऊन गेलेला असतो. पुस्तकाचं शेवटचं वाक्य होतं, 'फळ्या सापडल्या, की खुनी सापडला.' त्याखाली बारीक टायपात, 'पूर्वार्ध समाप्त. उत्तरार्ध लवकरच.'

ते लवकरच नऊ वर्षं झाली तरी आलं नव्हतं. पोरांना काय, त्यांचा एक डाव अर्धा राहिला होता. माझं तसं नव्हतं. मफलरवाला म्हणजे माझे वडील होते.

हे मी आज उघड सांगू शकते, कारण अण्णा गेले, सर गेले, कारखान्याची चिमणीसुद्धा थंड झाली. आणि माझा दादा कथा वाचत नाही. कारखान्याचं नाव मात्र सांगत नाही. तिथल्या चेअरमनांचे नातू अजून कुठल्या ना कुठल्या खुर्चीवर आहेत.

खरं घडलं ते असं. अण्णा, म्हणजे गणपती हुजरे, वजनकाट्यावर कारकून. पहाटे गाड्या मोजायला उघड्यावर बसून कान ठणकायचे म्हणून गळ्यापासून कानापर्यंत मफलर, तो पुढं उन्हाळ्यातही सुटला नाही. शेजारच्या क्वार्टरमध्ये स्टोअरकीपर पोवार. दोन्ही घरांत एकच नळ, त्यामुळं भांडणाला मुहूर्त लागायचा नाही. त्या दिवशी दुपारी पाण्यावरून अशीच जुंपली आणि अण्णा सगळ्यांदेखत ओरडले, "मळीत बुडवीन तुला." आमच्या कॉलनीत हे वाक्य आया पोरांनासुद्धा म्हणत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पोवार खरोखरच मळीत सापडला. संध्याकाळी अंधार पडताना अण्णांना खड्ड्याकडे जाताना बॉयलरवरच्या दोघांनी पाहिलं होतं. अण्णांचे हात काट्यांनी ओरबाडलेले होते. पोलिसांनी त्यांना बोलावलं, बसवून ठेवलं, पुन्हा बोलावलं. अण्णा एवढंच म्हणत राहिले, मी गेलो होतो, पण मी काही केलं नाही. का गेला होता, याला उत्तर नाही. पोवार पीत असे. शेवटी दारूच्या नशेत पाय घसरून पडला असं लिहून पोलिसांनी कागद मिटवले.

लोकांनी मिटवले नाहीत. त्यात दोन वर्षांनी कारखान्याच्या शाळेतल्या कुरुंदवाडे सरांचं हे पुस्तक आलं आणि अण्णांचं नावच मफलरवाला पडलं. आईला हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली. ती त्या झुरणीनंच गेली असं मी म्हणायचे, डॉक्टर मधुमेह म्हणाले. दादा बारावीनंतर पुण्याला गेला, मोठ्या कंपनीत लागला आणि वर्षातून एकदा पाहुण्यासारखा येऊ लागला. पुस्तकातला जयंता सरांनी त्याच्यावरूनच घेतला होता, हे अख्ख्या कॉलनीला ठाऊक होतं. तेवढा एक अभिमान आमच्या घरात शिल्लक होता. दादा मात्र पुस्तकाचं नाव काढलं की, "सोड गं तो विषय," म्हणायचा. मला वाटायचं, त्याला अण्णांची लाज वाटते, आणि त्याबद्दल मी त्याला मनातून कधी माफ केलं नव्हतं.

आता अण्णा त्या मेअखेर निवृत्त होणार होते. क्वार्टर सोडायची होती. गावी घराची डागडुजी करायला गेले तर गवंड्यानं पहिल्याच दिवशी विचारलं, "तुमीच काय ओ ते मफलरवालं?" अण्णांनी हे मला हसत हसत सांगितलं. मला हसू आलं नाही. उरलेलं आयुष्य माझा बाप खुनी म्हणून गावच्या पारावर बसणार होता, आणि त्याला निर्दोष ठरवणारा कागद जगात एकच निघू शकत होता, तो म्हणजे ह्या माणसाच्या हातचा उत्तरार्ध. पोलिसांनी काय लिहिलं ते कोण वाचतो? पुस्तक सगळे वाचत होते. म्हणून मी आले होते. उत्तरार्ध लिहून घ्यायचा, छापून घ्यायचा, आणि त्यात मफलरवाला सुटला पाहिजे.

पण सर दाद देतील तर शपथ. मी विचारलं, उत्तरार्ध का नाही? म्हणाले, प्रकाशक गेला. मी सांगितलं, प्रकाशक ठणठणीत आहेत, परवाच त्यांना भेटले, ते म्हणतात लेखकानं दिलं नाही. "मग लेखक गेला असं समज," म्हणाले. कच्चं लिहिलंय का, विचारलं तर पाऊस यंदा लवकर येईल का यावर बोलले. खुनी कोण ठरवला होता, विचारलं तर म्हणाले, "तुला कोण वाटतो?"

"मला वाटून काय उपयोग?"

"वाचकाला वाटतं तेच खरं असतं."

"हे वाक्य व्याख्यानात वापरा," मी म्हटलं. "टाळ्या पडतील."

ते रागावले नाहीत. माझा अंगठा तोपर्यंत लाल झाला होता आणि ढीग तसूभर कमी झाला नव्हता. त्यांची सून चहा ठेवून गेली, तो निवला. सर मला सहाच्या गाडीची आठवण करून देत होते. स्टँडवर गर्दी असते, पाच वाजता निघालेलं बरं. दगडावर डोकं आपटत होते मी. इतकी वर्षं जे कुणाला दिलं नाही ते मला शेंगा फोडल्याबद्दल देतील, असं मला का वाटलं होतं कोण जाणे. शेवटी हातातल्या शेंगा मी ढिगात टाकल्या.

"सर, माझं नाव मालन गणपती हुजरे. तुम्ही आमच्या शाळेत असताना मी सहावीत होते."

त्यांचे हात थांबले. मग म्हणाले, "अण्णा कसे आहेत?"

"निवृत्त होतायत. गवंडीसुद्धा मफलरवाला म्हणतो त्यांना."

मग मी सुटले. आईचं हळदीकुंकू, खिडकीतली पोरं, दादाचं तुटणं, सगळं बोलले. तुम्ही एका माणसाच्या गळ्यात फास अडकवलात आणि अर्ध्यावर सोडून निघून आलात, असं म्हटलं. एका वयस्कर माणसाशी, त्यातून शिक्षकाशी, असं बोलू नये हे कळत होतं. त्या वेळी त्याची पर्वा वाटली नाही.

"अण्णांनी पाठवलं तुला?" त्यांनी विचारलं.

"त्यांना ठाऊकही नाही."

"मग आधी त्यांना विचार. मी शब्द दिलाय."

बोलून गेल्यावर त्यांना कळलं आपण काय बोललो ते. त्यांनी घाईघाईनं एक शेंग उचलली.

"कसला शब्द?" मी म्हटलं. "अण्णांना? कशाबद्दल?"

"गाडी चुकेल तुझी."

"चुकू दे. सगळा ढीग फोडून होईपर्यंत मी इथून हलत नाही."

आत सून भांडी घासत होती, तो आवाज तेवढा येत होता. मग त्यांनी धोतराला हात पुसले.

"कथा म्हणून ऐकणार असशील तर सांगतो," ते म्हणाले. "उत्तरार्धाचं पहिलं प्रकरण. नावं कथेतलीच घेईन. पोवार गेला त्या दिवशी सण कुठला होता?"

"होळी." आईनं पुरण घातलं होतं आणि दादा जेवायला येईना म्हणून अण्णा त्याला शोधायला बाहेर पडले होते, ते मला लख्ख आठवत होतं.

"पुस्तकात होळी आहे?"

मी पुस्तक कितीदा वाचलं होतं त्याला गणती नाही. मनातल्या मनात पानं उलटली. होळी नव्हती. 'एके संध्याकाळी' असं होतं.

"मुद्दाम काढली," सर म्हणाले. "होळी आली असती तर कुठल्याही मराठी पोराला फळ्या कुठं गेल्या हे दुसऱ्याच पानावर कळलं असतं."

मला कळलं. एकदम सगळं नाही. होळीसाठी आमच्याकडची पोरं लाकूड चोरत. कुणाचं फाटक, कुणाची बाज, कुणाची मोडकी खुर्ची. ज्याचं गेलं त्यानं चार शिव्या द्यायच्या आणि हसायचं. होळीत पडलेलं परत मागायचं नाही, अशी रीत. सगळी कॉलनी त्या होळीभोवती फिरली होती. मी आईचा पदर धरून फिरले होते, आणि नैवेद्य टाकताना आई म्हणाली होती, "यंदा होळीला काकवीचा वास येतोय गं." बायका हसल्या होत्या. एक जण म्हणाली, शुभ असतं.

"मळीत मुरलेल्या फळ्या," सर म्हणाले. "वरून डांबर. साखर कारखान्यात सगळ्यालाच गोड वास, म्हणून कुणाला काही वाटलं नाही. मला त्या वेळी नाही वाटलं. फक्त मफलरवाल्याला वाटलं. तो मुलाला जेवायला बोलवायला आला होता. त्यानं जाळात पाहिलं, आणि पोरांकडे पाहिलं, आणि तो खड्ड्याकडे पळाला. खड्डा उघडा. पहारेकरी होळीला गेलेला. अंधार पडत होता. कुणी पडू नये म्हणून त्यानं कुंपणाच्या बाभळीच्या काट्या ओढून काढल्या आणि खड्ड्यावर टाकल्या. उजाडायच्या आत गुपचूप नव्या फळ्या टाकू, म्हणजे पोरांवर बालंट नको, असा त्याचा विचार. पोवार त्याच्या आधीच आत पडलेला होता. ते त्याला दिसलं नाही."

अण्णांचे ओरबाडलेले हात मला दिसत होते. आई त्यांना हळद-तेल लावत होती आणि ते एक अक्षर बोलत नव्हते.

"पोरं कोण होती?"

"नऊ-दहा होती."

"फळ्या कुणी काढल्या?"

सर पुन्हा शेंगांकडे वळले. मी त्यांचा हात धरला. आजवर कुठल्याही शिक्षकाचा मी असा हात धरलेला नाही.

"माझ्या कथेत," ते म्हणाले, "जयंतानं."

आतली भांडी घासून झाली होती. मी त्यांचा हात सोडला.

"ओली असली तरी डांबरी फळी धडधडून पेटते, हे त्यालाच ठाऊक होतं. मीच वर्गात सांगितलं होतं. तो माझा सगळ्यात हुशार मुलगा."

"त्याला कळलं असेल? पुढं काय झालं ते?"

"सगळ्यात हुशार होता म्हणालो ना."

मग त्यांनी बाकीचं सांगितलं, आता कथेची नावं सोडून. त्यांना स्वतःला हे सगळं उमगायला पुढची होळी यावी लागली. वास आला नाही, तेव्हा आधीच्या वर्षीचा वास आठवला. ते कुणाला म्हणाले नाहीत. पुस्तक लिहिलं.

"मुलांसाठी लिहिलं, असं सगळे म्हणतात. खरं आहे. त्याच नऊ-दहा मुलांसाठी लिहिलं. बाकीच्यांनी वाचलं हा अपघात. मला वाटलं, पूर्वार्ध वाचतील, रात्रीची झोप उडेल, एक तरी माझ्या दाराशी येऊन उभा राहील. मग उत्तरार्धाची गरजच नाही."

"कोण आलं?"

"तुझे अण्णा आले."

अण्णा हातात पुस्तक घेऊन गेले होते. त्यांनी ते दोनदा वाचलं होतं. मास्तर, पुढचं छापू नका, म्हणाले. सरांनी परोपरीनं सांगितलं, की पुढच्या भागात तुम्ही सुटता, नुसते सुटत नाही, तुम्हीच त्यातला खरा माणूस ठरता. संशय ज्याच्यावर गेला तोच भला निघाला की वाचणाऱ्याला स्वतःची लाज वाटते, आणि ती लाज ह्या कॉलनीला वाटायला हवी, म्हणून तर पहिल्या भागात तुमच्या गळ्यात मफलर घातला. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, मला नावं ठेवून लोक किती दिवस ठेवतील? पोरगं बारावीला आहे. बाकीच्यांचीही पोरं आहेत. आणि शेवटी म्हणाले, त्याला कळू देऊ नका, मला कळलंय ते.

सरांनी शब्द दिला. वर्षभरात नोकरी सोडून ते गडहिंग्लजला शेतीवर आले.

"मग तो अर्धाही परत घ्यायचा होता," मी म्हटलं.

"प्रती विकल्या गेल्या होत्या. प्रकाशकाला मी सांगितलं, पुन्हा छापू नको. त्यानं तीनदा छापलं. लोकांना अर्धंच आवडतं."

मी त्यांना म्हटलं, लिहा. नावं बदला, गाव बदला, होळी बदला, पण लिहा. ते म्हणाले, जयंता कोण हे अख्ख्या कॉलनीला ठाऊक आहे. मी वाद घातला. त्यांनी घातला नाही. मला इतका संताप आला होता, पण तो कुणावर काढायचा हेच कळेना. सरांवर काढावा तर ते माझ्यापेक्षा जास्त शिक्षा भोगून बसलेले दिसत होते. निघताना त्यांनी फोडलेल्या दाण्यांची पिशवी हातात दिली. मी ती घेतली.

मी गेले तेव्हा अण्णा क्वार्टरच्या पुढच्या पायरीवर बसून जुन्या डब्यांना दोऱ्या बांधत होते. सामान आवरायला मी रविवारी जाणार हे ठरलेलंच होतं. दाण्यांची पिशवी त्यांच्यासमोर ठेवली.

"कुठलं गं दाणं?"

"गडहिंग्लजचे."

त्यांनी दोरीची गाठ मारली, ओढून पाहिली. पिशवीत हात घालून एक दाणा तोंडात टाकला. "चांगलं हाईत," म्हणाले. मग, "मास्तरनी शब्द मोडला म्हणायचा."

"मी मोडायला लावला."

"तुला सांगायला हरकत न्हवती. पर तुझ्या पोटात काय ऱ्हात न्हाई."

मी त्यांच्या शेजारी बसले. किती तरी बोलायचं ठरवून आले होते. शेवटी विचारलं, "आईला माहीत होतं?"

"न्हाई."

"अण्णा, ती लोकांच्या दारावरून मान खाली घालून जायची. तिला तरी सांगायचं होतं."

"तिला सांगितलं असतं तर ती पोराला पोटाशी धरून रडली असती. आन् मग त्याला कळलं असतं."

"कळू दे की. त्याला का कळू नये? तुमच्या नावानं लोक थुंकतात आणि तो तिकडं पुण्यात—"

"हळू बोल," अण्णा म्हणाले. शेजारच्या खिडकीत कुणीतरी होतं, नेहमीच असायचं. "त्याला कळलं, की मला ठावं हाय, तर त्यो घरला यायचा बंद हुईल. माझ्यासमोर उभाच ऱ्हायचा न्हाई."

"आता तरी कुठं येतो?"

"वर्सातनं एकदा येतो की."

मला रडू फुटलं, ते दुःखानं की रागानं, मला आजही सांगता येणार नाही. अण्णांनी मला रडू दिलं. डब्यांना दोऱ्या बांधत राहिले. मग म्हणाले, "मालन, माझ्या गळ्याची आण हाय." मी आण घेतली नाही. त्यांनी ती घेतली असंच धरलं.

ट्रक आला त्या दिवशी दादाही आला, कंपनीच्या जीपनं, इस्त्रीच्या शर्टात. कॉलनीतलं काळं कुत्रं मदतीला आलं नाही. बायका खिडकीतून बघत होत्या. ज्यांच्या पोरांना अण्णांनी पाठीशी घातलं होतं, त्यांचेच आईबाप दारात उभे राहून आमचं सामान मोजत होते. पलीकडच्या पाटलांचा मुलगा डॉक्टर झाला होता, त्याच्या आईनं तर तोंडाला पदर लावला होता, जणू आमच्या पेट्यांना वास येत होता. मी एकेकीकडे बघत होते. नऊ-दहा पोरं. कुठली कुठली, हे मला सरांनी सांगितलं नव्हतं, म्हणून मला सगळ्याच घरांचा राग येत होता.

दादा आणि मी आईची लोखंडी पेटी बाहेर काढत होतो. उंबऱ्याशी त्याला धाप लागली. पेटी टेकवून त्यानं समोरच्या खिडक्यांकडे पाहिलं आणि रुमालानं कपाळ पुसलं.

"एक माणूस हात लावायला येत नाही," तो म्हणाला. "आणि येतील तरी कसे? अण्णांनी त्या दिवशी नळावर तोंड आवरलं असतं तर आपल्यावर ही वेळ आली नसती. कॉलेजात मी काय काय ऐकून घेतलंय, तुला कल्पना नाही, मालन."

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर कसलंही सोंग नव्हतं. इतक्या वर्षांत त्यानं ते स्वतःला इतक्या वेळा सांगितलं असणार, की त्याच्यापुरतं ते खरं होऊन गेलं होतं. मी म्हटलं, "दादा," आणि माझा आवाज चढला होता, पुढचं सगळं वाक्य माझ्या दातांपर्यंत आलं होतं.

अण्णा आतल्या खोलीच्या दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते माझ्याकडे बघत होते, दादाकडे नाही.

"खरं हाय त्याचं," अण्णा म्हणाले. "तोंडच वंगाळ माझं."

दादा ओशाळला. "तसं नव्हे हो, अण्णा," असं काहीतरी पुटपुटला.

"उचला," अण्णा म्हणाले. "ट्रकवाला खोळंबलाय."

दादानं त्याच्या बाजूची कडी धरली. मी माझ्या बाजूची.